ज्वालामुखीवर वाटाड्याचे ‘आता परत फिरू’ ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालीतल्या बातूरवरचा सूर्योदय, जावातल्या इजेनची निळी आग, लोंबोक बेटावरच्या रिंजानीचे शिखर ही ज्वालामुखींची नावे आता बाली-जावाच्या सहलींच्या जाहिरातींत समुद्रकिनाऱ्यांच्या जोडीने दिसू लागली आहेत. पर्यटनावरच्या लेखांत मात्र स्थानिक वाटाड्याचा उल्लेख येतो तो बहुधा खर्चाच्या रकान्यात: इतके रुपिया प्रवेशाचे, इतके गाडीचे, इतके वाटाड्याचे. इंडोनेशियात पदभ्रमणाचे गट नेणारे आम्ही काही जण या पत्रातून एवढेच सांगू इच्छितो, की जिवंत ज्वालामुखीवर वाटाड्या घ्यायचा तो मुख्यतः कुठे थांबायचे हे ठरवण्यासाठी. वाट काय, बातूरवर पहाटे पुढच्या टॉर्चांची रांग धरूनही सापडते. थांबण्याची जागा तशी सापडत नाही. म्हणून तो माणूस निवडताना, पैसे ठरवताना आणि त्याच्याबरोबर चालताना काय पाहावे, ते जरा तपशिलाने लिहीत आहोत.

सुरुवात घरूनच करावी लागते. इंडोनेशियात सव्वाशेच्या आसपास जागृत ज्वालामुखी आहेत. पीव्हीएमबीजी ही सरकारी संस्था त्यांच्यावर लक्ष ठेवते आणि धोक्यानुसार चारपैकी एक पातळी जाहीर करते, कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे: नोर्माल, वास्पादा, सियागा, आवास. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या संकेतस्थळावर आणि ॲपवर ती कोणालाही पाहता येते. नुसती पातळी पाहून ॲप बंद करू नये. तिच्याखालची सूचना अधिक महत्त्वाची, कारण मुखापासून किती किलोमीटरच्या आत जायचे नाही हे तिथे लिहिलेले असते. नावही नीट वाचावे. सुमात्रात मारापी आहे आणि जावात मेरापी. दोन्ही जागृत आहेत आणि घाईत एकाच्या जागी दुसऱ्याची माहिती वाचली जाते.

सुमात्रातला मारापी ३ डिसेंबर २०२३ रोजी फुटला, तेव्हा तो दुसऱ्या पातळीवर होता आणि तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती. तरी त्या वेळी डोंगरावर ७५ जण होते, तेही रीतसर नोंदणी करून गेलेले. त्यांतले वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. परवानगीची पावती देणारे कार्यालय वेगळे आणि ज्वालामुखीचा आलेख वाचणारे वेगळे, ही गोष्ट पर्यटकाच्या लक्षात येत नाही. दोघांचे म्हणणे जुळते का, हे आपणच पाहायचे असते.

पहिली पातळी म्हणजे निर्धास्त, असेही नाही. जपानचा ओंताके २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी बाराच्या सुमारास फुटला. शनिवार होता, हवा स्वच्छ होती, माथ्यावर माणसे जेवायला बसली होती आणि इशारा सर्वांत खालच्या पातळीवर होता. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. अशा स्फोटात वर येतो तो ताजा लाव्हारस नसतो. जमिनीतले पाणी खालच्या उष्णतेने एकदम वाफ होते आणि वरचा खडक फोडून फेकते. त्याची पूर्वसूचना यंत्रांनाही अनेकदा काही मिनिटेच आधी मिळते. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी हेच झाले. बेटावर ४७ जण होते, २२ दगावले आणि त्यांत वाटाडेही होते. अनुभवी वाटाड्यालाही स्फोट आधी कळत नाही, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्याच्या हाती असते ते एवढेच: मुखाजवळचा वेळ कमी ठेवणे, आडोसा कुठे आहे ते माहीत असणे आणि वास, वारा किंवा वाफेचा रंग बदलला की निघणे.

त्यामुळे पैसे देण्याआधी वाटाड्याला काही गोष्टी विचाराव्यात. आज पातळी कोणती, मुखाभोवतीचे बंदीचे वर्तुळ किती, आपण मुखापासून किती अंतरावर थांबणार, आणि परत फिरायची वेळ कोणती? ज्याला ही उत्तरे विचार न करता देता येतात, तो रोज माहिती घेणारा माणूस. ‘काही होत नाही, सगळे जातात’ हे उत्तर मिळाले तर दुसरा शोधावा. आणखी एक गोष्ट: हॉटेलच्या काउंटरवर जो माणूस सौदा करतो, तो सहसा डोंगरावर येत नाही. पहाटे अंधारात भेटणारा माणूस कोण, त्याला तुमच्या भाषेतले किती कळते, त्याच्याबरोबर किती जण असतील, हे आदल्या दिवशी फोनवर त्याच्याशीच बोलून घ्यावे.

आता एकेका डोंगराकडे. बातूर १,७१७ मीटर उंच आहे, चढाई साधारण सातशे मीटरची. पहाटे साडेतीन-चारला निघून दोन तासांत माथा येतो. तिथे स्थानिक वाटाड्यांची संघटना आहे आणि तिचा माणूस बरोबर असावा असा आग्रह धरला जातो. पर्यटक यावर फार कुरकुर करतात. आमच्या मते ती कुरकुर अनाठायी आहे. १९२६ च्या उद्रेकात गाव आणि देऊळ गमावलेल्या लोकांचा तो डोंगर आहे आणि वर चुकलेल्या माणसाला शोधायला रात्री तेच जातात. बातूरवर जे बिघडते ते बहुतेक उतरताना: उजाडल्यावर फोटो काढत लोक रेंगाळतात, गाडी गाठायची म्हणून मग घाई करतात आणि सुट्या खड्यांवरून पाय सरकून घोटा मुरगळतो. चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालून येणारेही कमी नसतात.

आगुंग वेगळा. उंची तीन हजारांवर, चढ सरळ अंगावर येणारा, आणि बालीतल्या हिंदूंसाठी तो सर्वांत पवित्र पर्वत. १९६३ च्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे मेली आणि २०१७ पासून पुढे दोनेक वर्षे तो पुन्हा धुमसत होता. त्याच्या उतारावरच्या बेसाकीह मंदिरात मोठे उत्सव असतात तेव्हा चढाई बंद असते, त्यामुळे तारखा ठरवण्याआधी विचारून घ्यावे. डोंगरावर गोमांस न्यायचे नाही. मंदिराच्या आवारातून वाट जात असेल तर कमरेला वस्त्र बांधावे आणि वाटाड्या प्रार्थनेला थांबला तर शांतपणे थांबावे.

रिंजानीवर मात्र अधिक लिहायला हवे, कारण तिथे सहल आणि गिर्यारोहण यांतला फरक एका रात्रीत कळतो. शिखर ३,७२६ मीटरवर. चढाई जिथून सुरू होते ते सेंबालूनचे गाव साधारण अकराशे-बाराशे मीटरवर, पहिल्या दिवशीचा मुक्काम विवराच्या काठावर २,६३९ मीटरवर आणि शिखरासाठी निघायचे रात्री दोनच्या सुमारास. म्हणजे आदल्या सकाळी समुद्राकाठी असलेला माणूस पुढच्या पहाटे ३,७०० मीटरवर पोचतो. तिथल्या हवेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे ही लक्षणे काठावरच सुरू झाली तर शिखराचा नाद त्याच रात्री सोडावा. चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरायचे असते. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, पण त्या घेतल्या म्हणून उतरणे टाळू नये.

काठापासून शिखरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात साधारण अकराशे मीटर चढायचे असतात आणि त्याचा वरचा भाग निव्वळ घसारा आहे. राख आणि सुपारीएवढे खडे, त्यावर दोन पावले चढले की एक खाली येते. कातळावर चालायची सवय असलेले इथे जोर लावतात आणि दमतात. उपाय असा: लहान पाऊल, पूर्ण तळवा टेकवायचा, पुढच्याने दाबलेल्या ठशातच पाय ठेवायचा आणि भार हळूहळू टाकायचा. बोटांवर उसळून चढले की खडे मागे फेकले जातात आणि ते मागच्याच्या अंगावर जातात. काठ्या असतील तर खालच्या टोकाला रुंद चकती लावावी, नाहीतर त्या राखेत रुततात. उतरताना उलट, टाच रोवायची, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, काठी थोडी लांब करायची. बुटाच्या नाड्या उतरण्याआधी वरच्या भागात घट्ट बांधाव्यात. तसे न केल्यास अंगठे पुढे आदळून नखे काळी पडतात. बुटाच्या तोंडावर गेटर, म्हणजे घोट्याभोवतीचे कापडी आवरण, लावले तर खडे आत जात नाहीत. दर अर्ध्या तासाला बूट झटकायला थांबणारा गट शिखरावर उशिरा पोचतो आणि मग उतरताना उन्हात सापडतो.

ही धार काही ठिकाणी अरुंद आहे. एका बाजूला विवर आणि खाली सेगारा आनाक तलाव, दुसऱ्या बाजूला उतार. जून २०२५ मध्ये याच डोंगरावर ब्राझीलची एक तरुणी घसरून खोल दरीत पडली आणि मृत्यू पावली. धुके आणि कड्याचा उतार यांमुळे तिला वर आणायला चार दिवस लागले. हेलिकॉप्टर येईल असे गृहीत धरून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: ढगात ते उतरू शकत नाही आणि दोराने खाली जाणारी माणसेही उजेडाचीच वाट पाहतात.

यातून निघणारा नियम गट ठरवतानाच लागू करावा. सगळ्यांची चाल सारखी नसते. एकच वाटाड्या असेल तर पुढच्यांबरोबर जायचे की मागे राहिलेल्याजवळ थांबायचे, ही निवड त्याच्यावर येते आणि अंधारात दोन्ही चुकीचीच ठरू शकते. म्हणून चार माणसे असली तरी दोन वाटाडे घ्यावेत, एक पुढे, एक शेवटच्या माणसाच्या मागे. शेवटचा माणूस थकून बसला तर मागचा वाटाड्या त्याच्याबरोबर बसेल किंवा त्याला घेऊन उतरेल. दमलेल्याला ‘तू इथेच थांब, आम्ही जाऊन येतो’ असे म्हणायचे नाही, गटानेही नाही आणि वाटाड्यानेही नाही. इथे एक गफलत नेहमी होते. कंपनी सांगते, ‘सहा माणसांमागे सात कर्मचारी’. त्यांतले बहुतेक हमाल असतात. तंबू, पाणी, शिधा बांबूच्या कावडीला लावून ते पुढे निघून जातात, शिखरावर येत नाहीत. रात्री तुमच्याबरोबर चालणारे किती, हाच आकडा विचारावा.

रिंजानी पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च, बंद असतो. त्या काळात कोणी ‘आडवाटेने नेतो’ म्हणाला तर त्याच्याशी बोलणे तिथेच संपवावे. नोंदणी राष्ट्रीय उद्यानाकडे होते. आपले नाव तिथे खरोखर नोंदले आहे की नाही ते पाहावे, कारण वर काही घडले तर शोध त्याच यादीवरून सुरू होतो. २९ जुलै २०१८ च्या भूकंपात दरडी कोसळून पाचशेहून अधिक गिर्यारोहक या डोंगरावर अडकले होते. तेव्हा बाहेर पडायची वाट दाखवली ती स्थानिक माणसांनी.

थंडीचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. किनाऱ्यावर रात्री २५ अंश असेल तर शिखरावर दोन-तीन अंश आणि वर वारा. चढताना घामाने भिजलेला सुती शर्ट थांबल्यावर बर्फासारखा लागतो. सुती टाळून घाम वाळवणारा थर, वर लोकरी किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारे जाकीट, हातमोजे आणि कान झाकणारी टोपी, इतके हवेच. जाड जाकीट चढताना घालू नये, सॅकमध्ये ठेवून थांबल्याबरोबर चढवावे. हेडटॉर्चला नवे सेल आणि खिशात जादा जोड. मोबाईलच्या टॉर्चने एक हात अडकतो आणि घसाऱ्यावर दोन्ही हात मोकळे लागतात. शिखराच्या रात्री माणशी दोन लिटर पाणी जवळ हवे. शाकाहारी मंडळींनी आधीच स्पष्ट सांगावे, मांस आणि मासे नकोत एवढेच नाही, तर तेरासीही नको. ही कोळंबीची आंबवलेली गोळी सांबालच्या चटणीत असते आणि स्वयंपाक्याला ती मांसाहार वाटतच नाही. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, ताहू म्हणजे टोफू, भात, अंडी, केळी यांवर दोन-तीन दिवस उत्तम जातात.

आता वायूंबद्दल, कारण इथे अज्ञान सर्वांत जास्त आहे. पूर्व जावातल्या इजेनवर पालतुदिंगहून तीन किलोमीटरची चढण, मग काठावरून विवरात उतरणारी दगडांची वाट. खालचा हिरवट-निळा तलाव तीव्र आम्लाचा आहे आणि निळी आग म्हणजे तापलेल्या भेगांतून निघणारे गंधकाचे वायू हवेत पेट घेतात ते. त्याच जागी कामगार गंधक फोडून सत्तर किलोंवर ओझे खांद्यावर घेऊन वर येतात. त्या अरुंद वाटेवर त्यांना आधी जाऊ द्यायचे, डोंगराच्या बाजूला सरकून, दरीच्या बाजूला नाही.

तिथे भाड्याने मिळणारा मास्क घेताना त्याचा कार्ट्रिज, म्हणजे हवा गाळणारी डबी, पाहावा. तो आम्लवायूंसाठीचा असला पाहिजे. धुळीचा मास्क किंवा दवाखान्यातला मास्क गंधक डायऑक्साईड अडवत नाही. कार्ट्रिज उघडल्यापासून त्याची शक्ती संपत जाते. मास्क लावूनही घशात आंबट झोंबले तर तो निकामी आहे किंवा चेहऱ्याला नीट बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसतच नाही. ओल्या फडक्यात गंधक डायऑक्साईड थोडाफार विरघळतो, म्हणून अडीअडचणीला ते नाकावर धरावे आणि वाऱ्याला आडवे चालत लोटाबाहेर पडावे. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा घालावा. दमा, हृदयविकार असलेल्यांनी काठावरूनच पाहावे आणि गरोदर स्त्रियांनी तर वाफ येते तिथे जाऊच नये.

अधिक फसवे वायू दोन. हायड्रोजन सल्फाईडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेल्यासारखा वाटतो. वास अचानक थांबला तर हवा शुद्ध झाली असे समजू नये, तिथून निघावे. कार्बन डायऑक्साईडला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खळग्यांत साचतो. कार्ट्रिजचा मास्क त्याच्यापुढे काहीच कामाचा नाही. मध्य जावातल्या दिएंग पठारावर फेब्रुवारी १९७९ मध्ये या वायूने सुमारे दीडशे गावकऱ्यांचा जीव घेतला, तोही ते स्फोटाला घाबरून पळत असताना. म्हणून वारा पडलेला असताना विवराजवळच्या खोलगट जागी विश्रांतीला, नैसर्गिक विधीला किंवा फोटोला बसू नये. वाटाड्या एखाद्या सोयीच्या वाटणाऱ्या सपाटीवर थांबू देत नसेल, तर त्यामागे बहुधा हेच असते. आणि कोणी खळग्यात कोसळला तर मागोमाग धावत उतरू नये. अशा ठिकाणी दुसरा बळी वाचवायला गेलेल्याचाच जातो.

एप्रिल २०२४ मध्ये इजेनच्या काठावर एक परदेशी पर्यटक फोटोसाठी मागे सरकताना कपड्यात पाय अडकून खाली पडली आणि दगावली. वाटाड्याने तिला आधी सावध केले होते, असे बातम्यांत आले होते. कड्यापासून दोन मीटरच्या आत पाठ करून उभे राहायचे नाही, हा नियम गटात आधीच ठरवला तर वाटाड्याला प्रत्येकाशी वाद घालावा लागत नाही.

स्फोट झालाच तर काय? हेल्मेट असेल तर घालावे. म्हणूनच मुखाजवळ जाताना ते सॅकला न लटकवता डोक्यावर ठेवावे. मोठ्या दगडाच्या किंवा कड्याच्या आडोशाला, स्फोटाकडे पाठ येईल असे दबून बसावे, सॅक डोक्यावर आणि मानेवर धरावी. ओंताकेला बरेच बळी उडालेल्या दगडांनीच घेतले. दगडांचा पहिला मारा थांबला की उतरावे, पण ओढ्या-नाळांतून नाही, सोंडेवरून. राख आणि चिखलाचे लोट नाळेतूनच येतात आणि पाऊस पडला तर उद्रेकानंतर कित्येक दिवसांनीही येतात.

शेवटी पैशांबद्दल. वाटाड्या परत फिरायला का कचरतो? शिखर झाले नाही तर पर्यटक पैसे परत मागतो, कंपनी ते त्याच्या रोजातून कापते आणि वर नेटवर वाईट शेरा पडतो. घासाघीस करून मिळवलेल्या स्वस्त दरात हा धोका दडलेला असतो. म्हणून ठरवतानाच लेखी घ्यावे: हवामान, वायू किंवा कोणाची प्रकृती यांमुळे वाटाड्याने गट फिरवला तर पूर्ण पैसे दिले जातील, परतावा मागितला जाणार नाही. हेच निघताना सगळ्यांसमोर त्याला पुन्हा तोंडी सांगावे. एवढे ऐकले की तो मोकळेपणाने बोलू लागतो. बक्षिसी शिखरावर अवलंबून ठेवू नये आणि ती रोख रुपियांत, वाटाड्याच्या आणि हमालांच्या हातात वेगवेगळी द्यावी. विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा असते. अनेक प्रवास विमे ठरावीक उंचीपलीकडचे पदभ्रमण वगळतात. रिंजानीचा आकडा त्या मर्यादेत बसतो का आणि सुटकेचा खर्च धरला आहे का, हे निघण्यापूर्वी वाचावे.

आपल्याकडे एक विनंती. ज्वालामुखीवरच्या चढाईचा लेख छापताना त्याखाली लहानशी चौकट द्यावी: छापतेवेळची इशारापातळी आणि वर्तुळ, डोंगर बंद असण्याचे महिने, किती माणसांमागे किती वाटाडे घ्यावेत. ‘वाटाड्याशिवायही जमते’ अशी वाक्ये कृपया संपादनात वगळावीत. रिंजानीचा हंगाम साधारण एप्रिलमध्ये सुरू होतो आणि लोक सुट्टीची नोंदणी त्याच्या बरीच आधी करतात. ही चौकट हिवाळ्यातल्या पुरवण्यांतच आली, तर ती वेळेवर वाचकांच्या हाती पडेल.

आपले,
इंडोनेशियात पदभ्रमणाचे गट नेणारे काही वाचक